घरचं दळण, पण गिरणीवरून

२०१४च्या एप्रिलमधला तो आठवडा सर्व्हर सांभाळणारं कुणी विसरलं असेल असं मला वाटत नाही. ७ तारखेला ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या लायब्ररीतली (म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडातली) हार्टब्लीड नावाची चूक जाहीर झाली. आपल्याकडे ८ तारीख उजाडली तेव्हा जगभरचे लोक कामाला लागले होते. चूक साधी आणि भयंकर होती. बाहेरच्या कुणीही एक विशिष्ट विनंती पाठवायची आणि सर्व्हरने आपल्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा त्याला देऊन टाकायचा. त्या तुकड्यात पासवर्ड असू शकत होते, सर्व्हरची गुप्त किल्लीसुद्धा असू शकत होती.

मी तेव्हा एका शैक्षणिक संस्थेत सिस्टिम ॲडमिन होतो. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोवर (म्हणजे लिनक्सवर आधारलेल्या तयार संचावर) चालणारे डझनभर सर्व्हर माझ्याकडे होते. त्यातले बहुतेक 'व्हीझी' आवृत्तीवर होते. डेबियनने त्याच रात्री दुरुस्त पॅकेज, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअर, दिलं होतं, त्यामुळे अपडेट करून सेवा पुन्हा सुरू करण्याचं काम दुपारच्या डब्याआधी उरकलं. एक सर्व्हर मात्र जुन्या 'स्क्वीझ'वर होता. स्क्वीझमध्ये ओपनएसएसएल ०.९.८ होतं. चूक आली होती १.०.१ पासून, म्हणजे मार्च २०१२ मध्ये. डेबियनच्या सूचनेतही स्क्वीझला धोका नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, खात्रीसाठी पॅकेजची यादी काढून पाहिली आणि तो सर्व्हर सोडून दिला.

चार दिवसांनी एका सहकाऱ्याने सहज म्हणून बाहेरून सगळे पत्ते तपासले. तेव्हा तोच सर्व्हर मेमरी ओकत होता. त्याच्यावर विद्यार्थ्यांचे परीक्षा अर्ज भरले जायचे.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. माझ्याआधी तिथे काम करणाऱ्या गृहस्थांना टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची नवी आवृत्ती हवी होती आणि स्क्वीझमध्ये ती नव्हती. म्हणून त्यांनी इंजिनएक्स हा वेबसर्व्हर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडावरून, स्वतः कंपाइल केला (चालवण्याजोगा केला) आणि करताना ओपनएसएसएल १.०.१-सी त्याच्या पोटात घालून टाकलं. लायब्ररीची वेगळी फाइल डिस्कवर कुठे नव्हतीच. बसवलेल्या सॉफ्टवेअरची नोंद ठेवणाऱ्या पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ता नव्हता, कारण सगळं 'मेक इन्स्टॉल' या आज्ञेने थेट 'ऑप्ट' डिरेक्टरीत टाकलेलं होतं. इंजिनएक्सला त्याची जन्मकुंडली विचारली तेव्हा कॉन्फिगर करताना दिलेल्या पाथमध्ये ती आवृत्ती सापडली. तो पाथ त्या गृहस्थांच्या होम डिरेक्टरीतला होता. ते नोकरी सोडून गेल्यावर त्यांचं खातं नियमाप्रमाणे काढून टाकलं होतं, त्यामुळे सोर्सही गेला होता आणि त्यात त्यांनी केलेले बदलही गेले होते.

त्यांना मी दोष देत नाही. गरज खरी होती आणि काम त्यांनी हुशारीने केलं होतं. पण डेबियनची जुनी, मागासलेली वाटणारी लायब्ररी त्या आठवड्यात सुरक्षित होती आणि हाताने बांधलेली नवी लायब्ररी फुटलेली होती. आणि यादी मला सांगत होती की सगळं ठीक आहे. ती खोटं बोलत नव्हती. तिला जे सांगितलं गेलं होतं तेवढंच ती सांगत होती.

तेव्हापासून मी एका मताचा झालो आहे आणि ते इथे नीट मांडायचं आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी, म्हणजे विद्यापीठं, महापालिका, ग्रंथालयं, सरकारी रुग्णालयं यांनी, स्वतः सॉफ्टवेअर बांधायला काहीच हरकत नाही. उलट ते त्यांना बांधता आलंच पाहिजे. पण बांधलेली प्रत्येक गोष्ट पॅकेज होऊनच सर्व्हरवर गेली पाहिजे. तिची कृती लिहिलेली असली पाहिजे, ती का बांधली याचं कारण नोंदलेलं असलं पाहिजे, आणि ज्या यादीत तयार पॅकेजेस आहेत त्याच यादीत ती दिसली पाहिजे. पॅकेज न करता टाकलेलं सॉफ्टवेअर म्हणजे सातबाऱ्यावर नोंद नसलेलं बांधकाम. राहणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, नंतर येणाऱ्याला होतो.

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार. लिनक्सवर किंवा युनिक्स घराण्यातल्या फ्रीबीएसडीवर सॉफ्टवेअर मिळवायचे ढोबळ दोन मार्ग आहेत. एक म्हणजे डिस्ट्रोने आधीच कंपाइल करून, सही करून ठेवलेलं तयार बायनरी पॅकेज. ते उतरवायचं आणि बसवायचं. ते कशावर अवलंबून आहे, त्याच्या कोणत्या फाइली कुठे गेल्या, त्याची आवृत्ती कोणती, हे सगळं पॅकेज मॅनेजर लिहून ठेवतो. दुसरा मार्ग म्हणजे सोर्स आणून आपल्याला हवे ते पर्याय निवडून, हवे तर पॅच (कोडातले छोटे बदल) लावून, स्वतः कंपाइल करणं. पहिल्यात वेळ वाचतो आणि दुरुस्त्या घरपोच येतात. दुसऱ्यात हवं तसं मिळतं. खरी अडचण या दोन्ही मार्गांनी आलेल्या गोष्टी एकाच मशीनवर नांदायला लागतात तेव्हा सुरू होते. एखाद्या मशीनवर सगळं तयार किंवा सगळं स्वतः बांधलेलं असलं तर निदान कुणाकडे बघायचं ते ठाऊक असतं.

जुन्या युनिक्सची परंपरा सांगते की स्वतः बांधलेलं 'यूझर-लोकल' नावाच्या डिरेक्टरीत ठेवावं. डिस्ट्रो तिथे हात लावत नाही. सल्ला चांगला आहे, पण अपुरा आहे. डेबियनवर त्या जागेतल्या आज्ञा आणि लायब्ररी आधी शोधल्या जातात. म्हणजे तिथे टाकलेली एखादी लायब्ररी डिस्ट्रोच्या लायब्ररीला झाकते आणि तयार पॅकेजमधले प्रोग्रॅमही नकळत तीच उचलायला लागतात. दोन वर्षांनी एखादा तयार प्रोग्रॅम अपडेटनंतर कोसळतो आणि आपण दोष अपडेटला देतो.

मग स्वतः बांधूच नये का? असं म्हणणारे बरेच अनुभवी लोक मला भेटले आहेत. त्यांचं म्हणणं एका मोठ्या अर्थाने बरोबर आहे: दहापैकी आठ वेळा आपण गरज नसताना बांधतो. नवी आवृत्ती हवी असं वाटतं, पण नवीन काय हवं आहे हे सांगता येत नाही. आणि डिस्ट्रोचा जुना दिसणारा आकडा फसवा असतो. व्हीझीमधलं ओपनएसएसएल दुरुस्तीनंतरही १.०.१-ई च म्हणवत होतं. मूळ प्रकल्पाने चूक १.०.१-जी मध्ये काढली होती, डेबियनने तीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणून बसवली होती. त्या आठवड्यात घाबरून 'आमचं ई आहे, जी नाही' म्हणत चांगलं पॅकेज काढून हाताने नवं बांधणारे लोक मी पाहिले आहेत.

पण उरलेल्या दोन वेळा गरज खरी असते, आणि आपल्या भाषेत काम करणाऱ्यांना ती जास्त वेळा असते. डेबियनचे किंवा फ्रीबीएसडीचे स्वयंसेवक जगासाठी पॅकेज बांधतात. आमच्या ग्रंथालयातल्या मराठी सूचीचा क्रम कसा असावा हे त्यांनी ठरवावं अशी अपेक्षा करणं चूक आहे.

हे उदाहरण माझ्या जवळचं आहे म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. नंतर मी ज्या संस्थेत गेलो तिथल्या ग्रंथालयात कित्येक दशकांची कार्डसूची होती. ती संगणकावर आली तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी पहिल्याच दिवशी तक्रार केली की क्रम चुकतो आहे. मराठीत ळ, क्ष, ज्ञ शेवटी जातात, हे संगणकाला योग्य लोकेल (भाषेच्या रूढींची मांडणी) दिल्यावर जमत होतं. भांडण अनुस्वाराचं होतं. 'अंक' हा शब्द 'अकबर'च्या आधी यावा की अ ते औ संपल्यावर, याबद्दल मराठी कोशांत आणि ग्रंथालयांत एकच रूढी नाही. आमच्या कार्डसूचीची एक रूढी होती, संगणकाची दुसरी. मॅडमचं म्हणणं असं की वाचक चाळीस वर्षं ज्या जागी पुस्तक शोधत आले त्या जागी ते सापडलं पाहिजे. मला ते पटलं. संगणकाच्या सोयीसाठी वाचकाने आपली वर्णमाला बदलावी, हे मला कधीच मान्य होणार नाही.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस होता आणि तो वर्णक्रमासाठी आयसीयू नावाची लायब्ररी वापरू शकतो. तिच्या मराठी नियमांत चार ओळींचा बदल करायचा होता, म्हणजे आयसीयू स्वतः बांधणं आलं. या वेळी मी हाताने काही टाकलं नाही. डेबियनचं सोर्स पॅकेज घेतलं, त्यात आमचा पॅच घातला, बदलाच्या नोंदवहीत कारण लिहिलं, स्वच्छ चौकटीत, म्हणजे इतर काही नसलेल्या वेगळ्या जागेत, पॅकेज बांधलं आणि आमच्या छोट्याशा रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजांच्या कोठारात, ठेवलं. डेबियनच्या 'बस्टर' आवृत्तीमध्ये आयसीयूची आवृत्ती ६३.१-६ होती. आमचं पॅकेज वेगळं ओळखता यावं म्हणून मी पुढे 'प्लस ग्रंथ १' असं शेपूट रोमन लिपीत जोडलं. सगळं पाठ्यपुस्तकाबरहुकूम झालं असं मला वाटत होतं.

मार्च २०२० मध्ये आयसीयूमध्ये एक गंभीर सुरक्षा-चूक निघाली. डेबियनने दुरुस्त पॅकेज काढलं. त्याचं नाव होतं ६३.१-६ प्लस डेब १० यू १. माझ्या मशीनने अपडेटमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा केला नाही. डेबियनच्या सुरक्षा-याद्यांची मेल मी वाचतो म्हणून मला कळलं. यंत्रणा गप्प राहिली याचं कारण शोधलं तेव्हा ते वर्णक्रमातच निघालं. पॅकेज मॅनेजर आवृत्त्यांची तुलना करताना अक्षरांना अक्षरक्रमाने मोजतो. रोमन लिपीत डी आधी येतो, जी नंतर. म्हणून 'ग्रंथ'चं शेपूट लावलेलं माझं पॅकेज त्याच्या लेखी 'डेब'चं शेपूट लावलेल्या दुरुस्त पॅकेजपेक्षा नवं होतं. आपल्याकडे नवीन आहेच असं समजून तो दुरुस्ती घेत नव्हता. अनेक ठिकाणी सवयीने 'लोकल' हे शेपूट लावतात. त्याचीही तीच गत होते, कारण एलसुद्धा डीच्या नंतरच येतो. शेपटाच्या सुरुवातीला शून्याचा आकडा घातला की हे टळतं. आकडा कोणत्याही अक्षराच्या आधी मोजला जातो, त्यामुळे डिस्ट्रोची दुरुस्ती आपल्यावर मात करते.

पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. डिस्ट्रोची दुरुस्ती आपोआप आली तर आपला पॅच जातो. आमच्या बाबतीत वर्णक्रम एका रात्रीत बदलला असता आणि पोस्टग्रेसचे जुन्या क्रमावर रचलेले इंडेक्स (शोधासाठीच्या सूच्या) चुकीचे ठरले असते. पुस्तक असूनही सापडलं नसतं. हे भय काल्पनिक नाही. २०१८ मध्ये लिनक्सच्या मूळ लायब्ररीने, ग्लिबसी २.२८ ने, आपला वर्णक्रम बदलला, तेव्हा डिस्ट्रो बदलताना अनेकांचे पोस्टग्रेस इंडेक्स असेच बिघडले आणि ते पुन्हा रचावे लागले. म्हणजे एका बाजूला दुरुस्ती अडवली तर मशीन उघडं पडतं, दुसऱ्या बाजूला येऊ दिली तर काम बिघडतं. पॅकेज 'होल्ड'वर ठेवणं, म्हणजे त्याचं अपडेट रोखून धरणं, हा पहिल्याच धोक्याचा दुसरा अवतार आहे.

माझ्या मते या कोंडीवर उत्तर एकच आहे. डिस्ट्रोचं मूळ पॅकेज बदललं की आपलं पॅकेज आपोआप पुन्हा बांधलं गेलं पाहिजे, त्यावर चाचणी झाली पाहिजे, आणि बांधताना अपयश आलं तर माणसाला मेल गेली पाहिजे. आम्ही रोज पहाटे चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. डेबियनच्या सुरक्षा-रिपॉझिटरीत आयसीयूचा आकडा हलला की ती नवा सोर्स आणते, पॅच लावून पाहते, बांधते, आणि ग्रंथपाल मॅडमनी निवडून दिलेले दोनशे शब्द त्या क्रमाने लागतात का ते तपासते. ते दोनशे शब्द हा त्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग होता असं मी आजही मानतो. पॅच म्हणजे काय हे मॅडमना ठाऊक नव्हतं, पण बरोबर काय हे त्यांनी लिहून दिलं होतं.

या बाबतीत मला फ्रीबीएसडीच्या जगातून पुष्कळ शिकायला मिळालं. तिथे हा प्रश्न नव्वदच्या दशकापासून घरात आहे. पोर्ट्स नावाचा सोर्सवरून बांधण्याच्या कृतींचा प्रचंड संग्रह आहे, त्यात तीस हजारांहून जास्त सॉफ्टवेअर आहेत, आणि त्याच कृतींतून ठरावीक पर्याय निवडून तयार बायनरी पॅकेजेसही बांधली जातात. दोन्ही एकाच मुळातून येतात आणि एकाच यादीत नोंदली जातात. ही मोठी गोष्ट आहे. तरी तिथेही नवखे लोक ठेचकाळतात. तयार पॅकेजेस साधारणपणे दर तिमाहीला फुटणाऱ्या शाखेतून येतात, आणि माणूस पोर्ट्स मात्र मुख्य शाखेतून उतरवतो. मग एका बाजूच्या लायब्ररीची आवृत्ती दुसऱ्या बाजूला जुळत नाही. किंवा एखादं पोर्ट स्वतःचे पर्याय निवडून बांधतो, आणि महिन्याने सगळं अपडेट करतो तेव्हा 'पर्याय बदलले आहेत' असं म्हणून पॅकेज मॅनेजर अधिकृत प्रत त्याच्यावर बसवतो. म्हणून तिथले जाणते लोक सांगतात की मशीनवर थेट बांधू नका. पूद्रिएर नावाचं साधन वापरा, ते प्रत्येक पॅकेज वेगळ्या, कोऱ्या 'जेल'मध्ये, म्हणजे बंदिस्त जागेत, बांधतं आणि शेवटी तुमची स्वतःची रिपॉझिटरी तयार करतं. अलीकडच्या पूद्रिएरमध्ये आणखी एक सोय आहे. जी पॅकेजेस अधिकृत पर्यायांप्रमाणेच हवी आहेत ती तो तयार उतरवून घेतो आणि ज्यांत तुमचा फरक आहे तेवढीच बांधतो.

मला हे गिरणीसारखं वाटतं. विकतचं पीठ आहे, घरच्या जात्यावरचंही एके काळी होतं, पण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललेला तिसरा मार्ग म्हणजे आपलं धान्य निवडून गिरणीवर नेणं. धान्य आपलं, जाड-बारीक आपण सांगणार, आणि गिरणीवाला आधीच्या ज्वारीचं उरलेलं पीठ झटकून मग आपले गहू घालणार. कोऱ्या चौकटीत बांधणं म्हणजे हे झटकणंच. आपल्या लॅपटॉपवर बांधलेल्या पॅकेजमध्ये लॅपटॉपवरच्या कोणकोणत्या गोष्टींचं पीठ मिसळलं, ते कुणालाच सांगता येत नाही.

जेंटूची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. सगळं सोर्सवरून बांधायचं, प्रत्येक पर्याय आपण निवडायचा, ही त्या डिस्ट्रोची ओळख. त्याच जेंटूने २९ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर केलं की आता तयार बायनरी पॅकेजेसही अधिकृतपणे मिळतील. नेहमीच्या पीसीसाठी आणि ६४-बिट आर्मसाठी मिळून वीस गिगाबाइटांहून जास्त पॅकेजेस तेव्हा ठेवली होती. काही जुन्या चाहत्यांना हे तत्त्व सोडल्यासारखं वाटलं. मला मात्र त्यात शहाणपण दिसलं. तुम्ही निवडलेले पर्याय तयार पॅकेजशी जुळले तर ते उतरतं, नाही जुळले तर बांधायला घेतलं जातं. लिब्रेऑफिस बांधायला मशीनचे कित्येक तास का घालवायचे, जर त्यात आपल्याला काहीच वेगळं नको असेल? तो वेळ जिथे खरंच फरक हवा आहे तिथे लावावा.

माझ्या मताविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा डिस्ट्रोंनीच दिला आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. २००६ मध्ये डेबियनने ओपनएसएसएलमध्ये स्वतःचा एक बदल केला. तपासणी-साधनाच्या तक्रारी थांबाव्यात म्हणून केलेल्या त्या बदलाने गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारी यादृच्छिकता (अंदाज न येण्याजोगेपणा) जवळजवळ संपवली. मे २००८ मध्ये ते उघडकीस येईपर्यंत डेबियनवर आणि त्यावरून निघालेल्या डिस्ट्रोंवर तयार झालेल्या किल्ल्या इतक्या थोड्या शक्यतांतल्या होत्या की त्यांच्या याद्या करून ठेवता येत होत्या. मूळ सोर्सवरून हाताने बांधणारा त्यातून सुटला. नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्रीबीएसडीने कळवलं की एका डेव्हलपरची चोरीला गेलेली एसएसएच (दुरून मशीनवर लॉगिन करण्याच्या सोयीची) किल्ली वापरून त्यांच्या यंत्रणेतल्या मशीनवर कुणीतरी शिरलं होतं. बदल केल्याचा पुरावा मिळाला नाही, पण येऊ घातलेल्या ९.१ आवृत्तीसाठी बांधलेली पॅकेजेस त्यांनी काढून टाकली, कारण त्यांची खात्री देता येत नव्हती.

आणि मार्च २०२४. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मागचं दार बसवलेलं निघालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो हा प्रश्न पडला आणि त्याने माग काढला. तो दुष्ट कोड बांधकामाच्या वेळी बघायचा की आपण डेब किंवा आरपीएम (डिस्ट्रोंचे दोन पॅकेज-प्रकार) पॅकेज म्हणून बांधले जात आहोत का, आणि असलो तरच जागा व्हायचा. म्हणजे हाताने 'मेक इन्स्टॉल' करणाऱ्याला त्याने हातही लावला नसता. शिवाय एसएसएच चालवणाऱ्या ओपनएसएसएचचा एक्सझेडशी मुळात संबंधच नाही. काही डिस्ट्रोंनी सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीसाठी लावलेल्या पॅचमुळे ती लायब्ररी तिथपर्यंत पोहोचली.

हे सगळं खरं आहे. तयार पॅकेज म्हणजे देवाचा प्रसाद नव्हे. पण या तिन्ही घटनांत पुढे काय झालं ते पाहा. २००८ मध्ये कमकुवत किल्ल्या शोधण्याचं साधनही पॅकेज होऊनच लाखो मशीनवर गेलं. २०१२ मध्ये फ्रीबीएसडी सोर्स तपासू शकली आणि त्यातून पॅकेजेस पुन्हा बांधू शकली, कारण कृती लिहिलेली होती. २०२४ मध्ये ज्याच्याकडे यादी होती त्याला एका आज्ञेत कळलं की आपल्याकडे ५.६ आहे की नाही. आणि ज्याने महिन्यापूर्वी कुठल्यातरी डिरेक्टरीत काहीतरी कंपाइल केलं होतं, त्याला रात्रभर हार्ड डिस्क धुंडाळावी लागली. चूक कुणाकडूनही होते. ती आपल्या मशीनवर पोहोचली आहे का, हे ज्याला पटकन सांगता येतं तो आधी झोपतो. म्हणून माझा आग्रह पॅकेजच्या पावित्र्यासाठी नाही, तर नोंदीसाठी आणि पुन्हा बांधता येण्यासाठी आहे.

आता कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच बंद डब्यात) आले, हा प्रश्न मिटला, असं तरुण सहकारी सांगतात. मिटला नाही. डॉकर इमेजमध्ये, म्हणजे अशा डब्याच्या साच्यात, हाताने बांधलेलं ओपनएसएसएल पोटात घातलं की ते २०१४च्या माझ्या इंजिनएक्ससारखंच अदृश्य होतं. फक्त आता त्याच्या वीस प्रती होतात. इमेज बांधतानाही आत पॅकेजच बसवा, एवढंच त्यावर म्हणणं आहे.

या प्रश्नाला मी सार्वजनिक प्रश्न का म्हणतो? कारण परीक्षा अर्ज, मालमत्ता कर, रुग्णाचे अहवाल, ग्रंथसूची हे सगळं असल्याच मशीनवर चालतं, आणि तिथे काम करणारी माणसं बहुधा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, मग दुसरा माणूस. जाणाऱ्याच्या डोक्यातलं ज्ञान येणाऱ्याकडे पोहोचवायची व्यवस्था नसते. अशा ठिकाणी लिहिलेली कृती हाच एकमेव वारसा उरतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण आणलं. ते मला मनापासून पटतं. पण सोर्स मिळणं आणि सोर्सवरून आज आपल्याकडे चालतं तेच पुन्हा बांधता येणं, यांत फार अंतर आहे. ते अंतर कृतीनेच भरतं. २०२४ मध्ये केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेने, सर्ट-इनने, सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेही योग्य दिशेचं पाऊल आहे. मात्र अशा याद्या काढणारी साधनं मुख्यतः पॅकेज मॅनेजरच्याच वहीतून वाचतात. वहीत न लिहिलेलं, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात गेलेलं त्यांना सहज दिसत नाही. म्हणजे पॅकेज न करता टाकलेलं एक सॉफ्टवेअर सरकारदरबारी सादर केलेली अख्खी यादी चुकीची ठरवू शकतं, आणि सादर करणाऱ्याने सहीसुद्धा सद्भावनेने केलेली असते.

म्हणून माझी मागणी निविदेच्या पातळीवर आहे. सार्वजनिक संस्था सॉफ्टवेअर बांधून घेते तेव्हा ठेकेदाराने झिप फाइल आणि पंधरा पानांचं मॅन्युअल देऊन सुटता कामा नये. पॅकेज आणि ते बांधायची कृती हे दोन्ही द्यावं, आणि संस्थेच्या माणसाने ठेकेदाराच्या मदतीशिवाय कोऱ्या मशीनवर ते एकदा बांधून दाखवल्यावरच शेवटचा हप्ता सुटावा. डिस्ट्रोच्या पॅकेजपेक्षा वेगळं काही बांधलं असेल तर का, हे एका वाक्यात लिहून घ्यावं. ते वाक्य लिहिता येत नसेल तर तयार पॅकेज वापरावं. आमच्याकडे माणसं नाहीत, एवढं कोण करणार, ही अडचण मला ठाऊक आहे. मीही एकटाच होतो. पण आमची ती रिपॉझिटरी एका जुन्या डेस्कटॉपवर चालायची, आणि ती उभी करायला मला एक आठवडा लागला. परीक्षा अर्जांच्या सर्व्हरवरची प्रमाणपत्रं रद्द करून नवी घेणं, सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावणं आणि विद्यार्थ्यांना पत्र लिहिणं याला तीन आठवडे लागले होते. एकेका जिल्ह्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक रिपॉझिटरी ठेवली तर कुणा एकावर भारही पडणार नाही.

बांधायचं कारण लिहून ठेवण्याचा फायदा मला उशिरा कळला. आमच्या आयसीयू पॅकेजच्या नोंदवहीत मी लिहिलं होतं: 'पोस्टग्रेसमध्ये स्वतःचा वर्णक्रम देता येत नाही म्हणून.' २०२३ मध्ये पोस्टग्रेस १६ आलं आणि त्यात वर्णक्रम ठरवताना आयसीयूचे स्वतःचे नियम थेट देण्याची सोय आली. माझ्या जागी आलेल्या मुलीने नवं डेबियन बसवताना ती नोंद वाचली आणि मला फोन केला, "सर, हे कारण आता उरलेलं नाही ना?"

उरलं नव्हतं. तिने चार ओळींचे नियम डेटाबेसमध्ये टाकले, मॅडमचे दोनशे शब्द लावून पाहिले आणि इंडेक्स पुन्हा रचले. मग आमचं 'ग्रंथ' पॅकेज काढून डेबियनचं साधं आयसीयू बसवलं. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. शब्दांची ती यादी अजून रोज पहाटे चालते.